राखून ठेवलेला उजेड

आमच्या घरात एक वेळ साखर संपेल, पण लाल शाईचे पेन संपायचे नाही. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. उत्तरपत्रिका तपासून तपासून उजव्या हाताला अशी काही सवय जडली आहे की, लग्नाची पत्रिका आली तर मुहूर्त पाहण्याआधी मी ऱ्हस्व-दीर्घ पाहतो. उपाहारगृहात गेलो तर पदार्थ मागवण्याआधी फळ्यावरची ‘मीसळ’ मनातल्या मनात ऱ्हस्व करून घेतो. आमची सौ. म्हणते, “तुमच्याबरोबर जेवायला बसणं म्हणजे परीक्षेला बसणं!” यावर घरातली सगळी मंडळी हसतात, मीही हसतो.

पण एका प्रसंगी हा विनोद विनोद राहिला नाही. त्याचीच हकीगत आज सांगायची आहे. ती म्हैसूरच्या एका चित्रसंग्रहालयातून जाते, म्हणून वाचकांनाही माझ्याबरोबर थोडे तिकडे यावे लागेल. तत्पूर्वी मात्र घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला मला फारसे आवडत नाही, हे आधीच कबूल करतो.

२०१६ साली माझी आई गेली. आमची कन्या तेव्हा सातवीत होती. त्याच वर्षी शाळेने निबंधस्पर्धेला ‘माझी आवडती वस्तू’ असा विषय दिला आणि तिने लिहिले आजीच्या पितळी डब्यावर. हा डबा आमच्या आईने माहेरून आणलेला. त्यात लाडू असत, कधी शेंगदाण्याची चिक्की असे, आणि काहीच नसेल तेव्हा निदान गुळाचा खडा तरी सापडे. निबंध लिहून झाल्यावर कन्या वही घेऊन माझ्याकडे आली. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मला आज स्पष्ट आठवतो. त्या दिवशी मला दिसल्या त्या वेलांट्या.

मी पेनाचे टोपण काढले. दहा मिनिटांत एकतीस दुरुस्त्या केल्या. वाक्ये जोडली, तोडली, दोन ठिकाणी संस्कृत शब्दांची पेरणी केली. शेवटचे वाक्य तर मी पुरतेच खोडले. ते मला फार साधे वाटले, अर्धवट वाटले. त्या जागी मी लिहिले, ‘आजीची पुण्यस्मृती आमच्या अंतःकरणात नंदादीपाप्रमाणे अखंड तेवत राहील.’

निबंधाला पहिले बक्षीस मिळाले. कन्येने प्रशस्तिपत्रक आणून माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “बाबा, हे तुमचं आहे.”

मी ते कौतुक समजलो. तिच्या पाठीवर थाप मारली आणि बर्फी आणायला बाहेर पडलो. त्यानंतर तिने मला एकही वही दाखवली नाही. महिना गेला, सहा महिने गेले. “काय गं, हल्ली काही लिहीत नाहीस?” असे विचारले की ती म्हणे, “अभ्यास असतो.” मी मान डोलावीत असे, कारण तेच उत्तर मीही पुष्कळ वर्षे देत आलो होतो. माझ्या खणातही एक वही होती. आमच्या जुन्या वाड्याच्या आठवणी लिहायला मी ती घेतली होती. अकरा पाने लिहून झाली होती आणि त्या अकरा पानांवर नऊ वर्षे लाल शाई चालू होती. बारावे पान काही उजाडले नव्हते. कोणी विचारले, तर मी म्हणे, “तपासणीचं काम असतं.”

असो. २०१७ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही म्हैसूरला गेलो. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाची म्हैसूरची सहल कशी होते, हे काय वर्णन करून सांगायचे! सौ.ला म्हैसूर सिल्क पाहायचे होते. ‘पाहायचे’ या क्रियापदाचा अर्थ दुकानातून बाहेर पडल्यावर मला कळला. कन्येला चामुंडी टेकडीवरचा नंदी पाहायचा होता. रविवार उजाडला, तेव्हा संध्याकाळी राजवाड्यावरची रोषणाई पाहायची एवढेच ठरलेले होते. सकाळ मोकळी होती. तेव्हा मी म्हणालो, “जवळच जगनमोहन राजवाडा आहे. तिथं चित्रं आहेत. तासभर जाऊन येऊ.” खरे सांगायचे तर मला चित्रांची फारशी ओढ नव्हती. तिथे बसायला बाके असतील आणि पाय मोकळे सोडता येतील, हा हेतू होता.

हा राजवाडा १८६१ सालचा. १८९७ मध्ये म्हैसूरचा जुना लाकडी राजवाडा आगीत जळाला, तेव्हा नवा उभा राहीपर्यंत, म्हणजे १९१२ पर्यंत, राजघराण्याचा मुक्काम याच वास्तूत होता. नव्या वाड्यात बिऱ्हाड हलले आणि १९१५ पासून इथे चित्रसंग्रह मांडला गेला. राजा रविवर्म्याची प्रसिद्ध चित्रे इथे आहेत. जुनी वाद्ये आहेत, तांदळाच्या दाण्यावर काढलेली आणि भिंगातून पाहायची चित्रे आहेत, आणि एक फ्रेंच घड्याळ आहे. त्या घड्याळात ठरल्या वेळी चिमुकले शिपाई संचलन करतात. साहजिकच सर्वांत जास्त गर्दी घड्याळापाशी होती. आमची सौ.ही शिपायांची वाट पाहत तिथे उभी राहिली. कन्या आणि मी पुढे निघालो.

चालता चालता एका अंधारलेल्या खोलीपाशी आलो. आत एकाच चित्रापुढे सहलीची एक तुकडी उभी होती आणि त्यांच्याबरोबरचा वाटाड्या मोठ्याने सांगत होता, “हे राजा रविवर्म्याचं जगप्रसिद्ध चित्र!”

माझ्यातला परीक्षक तत्काळ जागा झाला. मी पुढे सरसावून म्हणालो, “माफ करा, हे रविवर्म्याचं नाही, हळदणकरांचं आहे. रविवर्मा १९०६ मध्ये वारले. हे चित्र १९४५-४६ चं. शिवाय रविवर्म्याची ही सगळी प्रसिद्ध चित्रं तैलरंगातली, हे जलरंगातलं.” हे सारे मी आदल्या रात्री मोबाइलवर वाचले होते, हे अर्थातच सांगितले नाही. वाटाड्याने माझ्याकडे पाहिले, तुकडीने वाटाड्याकडे पाहिले, आणि सगळे घड्याळाकडे निघून गेले. माझ्या मागून हळूच आवाज आला, “बाबा, राहू द्या ना.”

माझी दुरुस्ती खरी होती. आजही अनेक ठिकाणी या चित्राच्या प्रतीखाली रविवर्म्याचेच नाव घातलेले असते, आणि आपल्या एका चित्रकाराचे श्रेय त्याच्या पदरात पडावे असे कोणालाही वाटेल. सावळाराम लक्ष्मण हळदणकर हे मूळचे सावंतवाडीचे. जन्म १८८२ चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले आणि १९०८ मध्ये त्यांनी मुंबईतच स्वतःचा चित्रकलेचा वर्ग काढला. आयुष्यभर चित्रे काढली आणि आयुष्यभर शिकवले. म्हणजे एका अर्थी माझ्याच पेशातले गृहस्थ. पण पेशाचे नाते सांगण्याइतकी माझी पात्रता नव्हती, हे पुढच्या पाच मिनिटांत कळले.

गर्दी पांगल्यावर चित्र एकदाचे दिसले. एक स्त्री उभी आहे. एका हातात दिवा आहे आणि वारा लागू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा धरलेला आहे. बस्स, एवढेच! मागे महाल नाही, देव्हारा नाही, कसला प्रसंग नाही. दिवाळीत आपल्या घरातून अंगणात दिवा नेणारी कोणतीही बाई अशीच जाते. पण आडोशाच्या बोटांतून उजेड झिरपून ती लालसर झाली आहेत आणि तोच उजेड वर तिच्या चेहऱ्यावर गेला आहे. अंधाऱ्या खोलीत कितीतरी वेळ मला वाटत होते की, चित्रामागे एखादा दिवा ठेवला असावा. या चित्राचे इंग्रजी नाव ‘ग्लो ऑफ होप’. लोक साधेपणाने ‘दिवा घेतलेली बाई’ म्हणतात, आणि मला तेच नाव बरे वाटते.

कन्या चित्रापुढे उभी राहिली ती हलेना. मी दोनदा घड्याळ पाहिले. शेवटी म्हणालो, “कसला सुरेख उजेड रंगवलाय, नाही?”

ती म्हणाली, “बाबा, उजेड रंगवत नाहीत.”

“म्हणजे?”

त्या वर्षी ती शाळेत चित्रकलेच्या परीक्षेची तयारी करत होती. सरांनी शिकवलेले तिने मला तिथेच, हलक्या आवाजात सांगितले. तैलरंगात चुकले तर खरवडता येते, वरून दुसरा थर देता येतो. अगदी शेवटी पांढऱ्या रंगाचा ठिपका ठेवून डोळ्यात चमक आणता येते. पारदर्शक जलरंगात तसे नाही. तिथे पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. फिक्याकडून गडदाकडे जायचे असते. उजेड कुठे पडणार हे आधी ठरवायचे, ती जागा राखून ठेवायची, आणि बाकीचे रंगवत जायचे. एकदा गडद रंग बसला की खालचा कागद पहिल्यासारखा परत मिळत नाही. “आणि सारखं सारखं दुरुस्त करायला गेलं ना, बाबा,” ती म्हणाली, “की चिखल होतो. सर म्हणतात, हात मागे घेता आला पाहिजे.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता, तर कदाचित मी रागावून मोकळा झालो असतो. ती चित्राकडे पाहत होती, माझ्याकडे नव्हे. पण मला त्या अंधारात एक वही दिसू लागली. एकतीस दुरुस्त्यांची. आणि शेवटी मी माझ्या हाताने लावलेला नंदादीप.

इथे एका माणसाने दिव्याचे चित्र काढायचे म्हणून ज्योतच हाताआड ठेवली होती, आणि खोलीभर उजेड झाला होता. मी एका मुलीच्या निबंधात चांगला मोठा दिवा लावला होता, आणि तिच्या हातातला होता तो विझवला होता.

मी तिला काही म्हणालो नाही. म्हणावेसे पुष्कळ वाटले. पण आयुष्यात बहुधा प्रथमच मी माझे वाक्य मनात घोळवले आणि तिथेच राहू दिले. शेजारच्या बाकावर बसलो. ती हवा तेवढा वेळ उभी राहिली.

त्या संध्याकाळी आम्ही मोठ्या राजवाड्यापुढे उभे राहिलो. सात वाजले आणि जवळजवळ लाखभर दिवे एका क्षणात लागले. मैदानावरच्या माणसांतून ‘अहाहा!’ असा एकच उद्गार निघाला, आमचाही निघाला. दृश्य भव्य होते यात शंकाच नाही. पण मुक्कामावर येऊन आडवा झालो, डोळे मिटले, तेव्हा लाख दिव्यांपैकी एकही डोळ्यांपुढे येईना. आली ती लालसर झालेली पाच बोटे.

पुण्याला परतल्यावर फराळाचे डबे उघडण्याआधी मी माळा उघडला. सौ. म्हणाली, “आता दिवाळी झाल्यावर कसली साफसफाई?” मी उत्तर दिले नाही. सातवीच्या वह्यांचा गठ्ठा मिळाला, त्यात निबंधाची ती वही होती. पानभर लाल जाळे. शेवटचे वाक्य मी आडव्या रेघांनी खोडले होते. शिक्षकांनो, एक सांगतो : आपण शब्द खोडतो तेव्हा तो मरत नाही, खालून वाचता येतो. मी वही खिडकीशी नेऊन उजेडात धरली. तिने लिहिले होते, ‘डबा अजून आहे. मी तो उघडत नाही. उघडला तर आजीचा वास संपून जाईल.’

मी माळ्याच्या शिडीवरच बसलो. माझी आई जाऊन तेव्हा दीड वर्ष होत आले होते. त्या दीड वर्षात मी तिच्यासाठी रडलो नव्हतो; सगळे विधी, कागदपत्रे, बँकेची कामे व्यवस्थित पार पाडली होती. त्या दिवशी मात्र शिडी धरायला सौ.ला बोलवावे लागले.

रात्री मी कन्येच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, “तुझं वाक्य चांगलं होतं. मी ते बिघडवलं. माझं चुकलं.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “वेलांट्या मात्र माझ्या खरंच चुकल्या होत्या.” एवढेच बोलणे झाले. इथे गोष्ट संपली असती आणि दुसऱ्या दिवशी तिने मला नवी वही आणून दिली असती, तर वाचायला गोड वाटले असते. तसे घडले नाही. राखून न ठेवलेला कागद लगेच पांढरा होत नसतो.

पण माझ्यापुरता मी एक नियम केला आणि तो आजतागायत पाळत आलो आहे. मुलांचे कोणतेही लेखन हाती आले की पहिल्या वाचनाला पेनाचे टोपण काढायचे नाही. पहिल्या वाचनात एकच शोधायचे : या लेखनात उजेड कुठे आहे? एखाद्या निबंधात तो एका ओळीत असतो, एखाद्यात एकाच शब्दात. तो सापडला की समासात शिसपेन्सिलीने बारीक खूण करायची आणि तेवढी जागा राखायची. मग दुसऱ्या वाचनाला ऱ्हस्व-दीर्घ आहेतच. शुद्धलेखनावरचा माझा विश्वास तसूभरही कमी झालेला नाही. ‘मीसळ’ मला अजून खुपते. परंतु आता वर्गात कधी कधी असे घडते की, मागच्या बाकावरचा, मान खाली घालून बसणारा एखादा मुलगा तास संपल्यावर घुटमळतो आणि विचारतो, “सर, तुम्ही खूण केली त्या ओळीत काय होतं?” मी म्हणतो, “तूच होतास.”

खणातली वहीही बाहेर आली. अकरा पाने बाजूला ठेवून मी बारावे लिहिले, आणि ते न वाचता तेरावे. हळदणकरांनी ते चित्र पुरे केले तेव्हा त्यांनी साठी ओलांडलेली होती. मी तर तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो आणि आता आपल्याला उशीर झाला म्हणून सुस्कारे टाकत होतो!

आता शेवटची गोष्ट. चित्रातल्या त्या स्त्रीसाठी हळदणकरांपुढे उभी राहिली होती ती त्यांची मुलगी गीता. दिवाळीच्या दिवसांत आईची साडी नेसून हातात दिवा घेतलेली मुलगी पाहून वडिलांना चित्राची कल्पना सुचली, अशी आठवण पुढे गीताबाई उपळेकरांनीच सांगितलेली आहे. आम्ही म्हैसूरला त्या अंधाऱ्या खोलीत उभे होतो तेव्हा त्या कोल्हापूरला हयात होत्या, वयाची शंभरी ओलांडून. हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या एकशेदोन वर्षांच्या होऊन निवर्तल्याची बातमी आली आणि ती कन्येनेच मला वाचून दाखवली. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “म्हणजे बाबा, तिच्या बाबांनी तिला दिवा घेऊन उभं राहिलेलं पाहिलं, आणि नुसतं पाहिलं.”

मी म्हणालो, “हो.”

वाचकहो, चित्रे पाहायला म्हैसूरलाच गेले पाहिजे असे नाही. मुंबईकरांना १९५२ पासून काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी आहे. साताऱ्याकडच्यांना औंधचे श्रीभवानी संग्रहालय आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते १९३८ मध्ये उभारले. या सुट्टीत मुलांना घेऊन अवश्य जा. मात्र सगळी चित्रे पाहण्याचा हट्ट धरू नका. तसे केल्याने पाय तेवढे दुखतात. मुलांना एखाद्या चित्रापाशी थांबावेसे वाटले तर थांबू द्या. आपल्याला जे ठाऊक आहे ते सांगण्याची घाई करू नका. हा उपदेश मी करावा हा विनोदच आहे, पण अनुभवाने करतो आहे.

गीताबाईंची बातमी आली त्यानंतर महिन्याभरात दिवाळी होती. नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे टेबलाशी पेपर तपासत बसलो होतो. बाहेर सौ. पणत्या लावत होती. वारा होता, एक लावली की दुसरी विझत होती. कन्या दारात आली. हातात घडी केलेला कागद होता. तो तिने पुढे केला आणि पुन्हा थोडा मागे घेतला.

“वाचायला देते,” ती म्हणाली, “पण आधी पेन आत ठेवून या.”

मी उठलो आणि पेन आत ठेवून आलो.